स्लॅबमधून वर आलेले दोन पाइप

त्र्याऐंशीच्या डिसेंबरात नंदनवनातल्या नव्या लेआउटमध्ये एक बातमी घरोघर फिरली. चंपतरावांच्या घराला लागून जो रिकामा प्लॉट आहे, तिथे एक बाई रोज भर दुपारी येते, जमिनीत बांबू रोवते, त्याच्या सावलीच्या टोकाला वीट ठेवते आणि कुणाशी काही न बोलता निघून जाते.

चौथ्या दिवशी चंपतरावांच्या बायकोला, प्रेमिलाबाईला, राहवेना. ती कुंपणाशी आली.

"काहून वं बाई, हे काय करून राहिली?"

"सावली मोजून राहिली."

"कायले?"

"घर बांधाचं हाये. वरतं उन्हानं पाणी तापवाची पेटी बसवाची हाये. आता नाई, पुढं कवातरी. थ्या जागेवर सावली नाई पडली पाह्यजे."

प्रेमिलाबाईने मान डोलावली आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी विटा प्लॉटभर फेकलेल्या होत्या. बाईने त्या गोळा केल्या आणि पुन्हा बांबू रोवला. तिच्या बापाने छपन्न साली, दीक्षेच्या दिवशी, घरातले देव, गंडे, ताईत सगळं बाहेर काढलं होतं. ती तेव्हा चौदा वर्षांची होती. आणि आज लोक तिलाच करणी करणारी समजत होते.

तिचं नाव रुखमाबाई. धंतोलीतल्या एका बाळंतपणाच्या खाजगी दवाखान्यात ती आया होती. सकाळी सहा ते अकरा आणि पुन्हा चार ते आठ अशी तिची ड्यूटी. शिक्षण चौथीपर्यंत. नवरा रुपराव मोटारींच्या वर्कशॉपमध्ये पत्र्याचं काम करी. मूलबाळ नव्हतं, पण घरात दहा वर्षांची कौसल्या होती. रुखमाबाईच्या धाकट्या बहिणीची, इंदूची, ती मुलगी.

इंदू स्टोव्हच्या भडक्यात गेली. सकाळी कौसल्येच्या आंघोळीचं पाणी ठेवायला तिने स्टोव्हला पंप मारला आणि स्टोव्ह फुटला. कौसल्या साडेपाच वर्षांची होती, दारातच उभी होती. बापाने वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं आणि रुखमाबाई पोरीला घेऊन आली. पोर शाळेत जाई, हसे, खेळे. फक्त पेटलेल्या वस्तूजवळ येत नसे. चूल पेटली की अंगणात जाऊन बसे. चुलीवरून उतरवलेल्या पाण्याचं पातेलं दिसलं तरी ती मागे सरके. रुखमाबाईने एकदा बळेच गरम पाणी अंगावर घातलं तेव्हा तिने दातखीळ बसेपर्यंत आरडाओरडा केला. त्यानंतर कुणी जबरदस्ती केली नाही. नागपूरच्या थंडीत, जेव्हा लोक शेकोटीपासून हलत नाहीत, तेव्हा ती पोर नळाच्या थंडगार पाण्याने आंघोळ करी. ओठ निळे पडत. हिवाळाभर छातीत घरघर चाले. पाणी तापवायचा विजेचा रॉड घ्यावा तर इमामवाड्यातल्या भाड्याच्या खोलीत घरमालकाने एका दिव्याशिवाय काही वापरायची मनाई केली होती, आणि मागच्या गल्लीतली एक बाई रॉडचा शॉक लागून पडली, तेव्हापासून रुपराव रॉडचं नावही काढू देत नव्हता.

त्या दिवाळीच्या आधी दवाखान्याच्या गच्चीवर सोलर बसलं. काळी, काचेची पेटी आणि तिच्या वर गोल टाकी. धोंडबा नावाचा एक वयस्कर फिटर ते बसवायला आला होता. रुखमाबाई त्याला चहा द्यायला गच्चीवर गेली आणि नळाखाली हात धरून उभीच राहिली. पाण्याने हात भाजला. खाली ना लाकूड, ना रॉकेल, ना वायर.

"याले जाळ लागतच नाई?" तिने विचारलं.

"नाई. ऊनच याचा जाळ."

धोंडबा मात्र वैतागलेला होता. दवाखान्याचं छत जुनं. पाइप खाली न्यायला छिन्नी-हातोड्याने स्लॅब फोडावा लागला होता, सळई तुटली होती आणि आता वॉर्डात पाणी झिरपत होतं. रुखमाबाईने आपला प्लॉट घेऊन झाल्याचं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मंग बाई, पेटी जवा घ्याल तवा घ्या. पण स्लॅब टाकतानाच दोन पाइप सोडून ठेवा, एक वर जायचा, एक खाली यायचा. टाकी भरली म्हणजे लय वजन होते, तिचा चबुतरा भिंतीच्या डोक्यावर ठेवा, मधात नाई. आणि दक्षिणेकडून सावली नाई आली पाह्यजे. डिसेंबरात पाहून घ्या. सूर्य तवा सगळ्यात खाली असते."

ती एवढं ऐकून घरी आली आणि त्या दिवसापासून तिच्या डोक्यात भुंगा शिरला.

दक्षिणेला चंपतरावांचं घर. आज ते एकमजली होतं. उद्या त्यांनी माडी चढवली तर? महिनाभर बांबू रोवून रुखमाबाईला एवढं कळलं की डिसेंबराच्या शेवटी दुपारी बाराला बांबू जेवढा उंच, सावली तेवढीच लांब. माडी दहा-अकरा फुटांची धरली तर तिची सावली तेवढीच आत येणार. म्हणजे पेटी आणि चबुतरा पार उत्तरेच्या भिंतीकडे न्यायला हवा. बाथरूमही तिकडेच हवं. तिने विटकरीच्या तुकड्याने जमिनीवर आखून रुपरावला दाखवलं.

रुपराव बराच वेळ त्या रेघांकडे पाहत राहिला. तो भांडखोर माणूस नव्हता. पण छताची त्याला धास्ती होती. लहानपणी त्याच्या गावच्या घराचा माळा पावसात भिजून खाली आला होता आणि त्याखाली त्याची आजी सापडली होती.

"छताले भोक पाडशील त पाणी मुरन," तो म्हणाला. "पाणी मुरलं का सळई सडते. सळई सडली का छत येते खाली. अन् थे पेटी आपल्याच्यानं होईन का नाई, कोणाले माहीत. न आलेल्या वस्तूसाठी आतापासून घराले छिद्र कायले पाडतं?"

"मंग पुढं फोडाव लागन. थे त आणखीन वाईट."

"पुढचं पुढं पाहू."

बापूजी मिस्त्रीचंही तेच मत होतं. नंदनवनात त्याने वीस-बावीस घरं बांधली होती आणि आपल्या एकाही छतातून थेंब पडला नाही, हे तो दर दोन वाक्यांनंतर सांगे. "वहिनी, छत म्हणजे छत. त्यात नळ उभे करून काय शोभा हाये?" पण रुखमाबाई हटली नाही, तेव्हा त्याने खांदे उडवले. दोन लोखंडी पाइप आणले. रुपरावनेच वर्कशॉपमध्ये त्यांच्या मध्यावर पत्र्याची गोल चकती वेल्डिंग करून दिली, म्हणजे पाइपाच्या कडेने येणारं पाणी अडेल. काम त्याने चोख केलं. पण घरी पाइप दारामागे उभे करून तो लगेच बाहेर निघून गेला.

भिंती उभ्या राहिल्या, टेकूच्या बल्ल्या लागल्या, त्यांवर सेंटरिंगच्या फळ्या, फळ्यांवर सळयांची जाळी. रुखमाबाईला या दिवसांत झोप धड लागेना. ती दवाखान्यात बादल्या उचलताना मनात हिशेब करी, टाकीत अशा किती बादल्या बसतील, त्या सगळ्या एका जागी ठेवल्या तर काय होईल. धोंडबाने सांगितलं म्हणून आपण सगळं करतो आहोत, आणि तो तर आपल्या घरी येऊन बघूनही गेलेला नाही. आपण चौथी शिकलेली बाई. बापूजीने बावीस घरं बांधली. कोण खरं?

मार्चच्या मध्यात स्लॅबचा दिवस ठरला. रुपरावने रजा घेतली. रुखमाबाईला रजा मिळाली नाही, पण अकराला सुटी होणारच होती. आदल्या दुपारी तिने स्वतः वर चढून पाहिलं होतं. फळ्यांना भोकं पाडलेली होती आणि दोन्ही पाइप तारेने जाळीला बांधून उभे होते.

नेमकी त्याच दिवशी उमरेडकडची एक बाई अडलेली आली. बाळ आडवं होतं. डॉक्टरीणबाईंनी रुखमाबाईला सोडलं नाही. अकरा वाजले, बारा वाजले. बाळ रडलं तेव्हा एक वाजायला आला होता. तिने हात धुतले आणि बसमध्ये शिरली. बस नेहमीपेक्षा हळू चालते आहे असं तिला वाटत राहिलं. उतरल्यावर ती चाललीच नाही, धावली.

मिक्सरची घरघर दुरून ऐकू येत होती. बायका डोक्यावर घमेली घेऊन फळीच्या उतारावरून चढत होत्या. आणि खाली, रेतीच्या ढिगाशेजारी, तिचे दोन पाइप आडवे पडले होते.

रुखमाबाई तशीच शिडी चढली. उत्तरेकडूनच काम सुरू झालं होतं. बाथरूमच्या वरची जागा ओल्या काँक्रीटखाली गेली होती, वरून थापीही मारून झाली होती.

"बापूजी, पाइप?"

बापूजीने कपाळावर हात मारून घेतला. "घमेलेवाल्या बाया अडखळत होत्या म्हणून काढले होते वहिनी. म्हटलं थ्या जागेवर आलो का लावू. ध्यानातून गेलं." मग जरा थांबून म्हणाला, "आता राहू द्या. बरंच झालं समजा."

"किती वेळ झाला इथं माल टाकून?"

"असन पाऊण तास."

"मंग काढा."

"काढा म्हणजे? आता हात लावला त जागा कच्ची राहीन. मी त नाई लावत. उद्या काई झालं त माह्या नावावर नको."

रुखमाबाईने रुपरावकडे पाहिलं. तो कडेच्या फळीवर उभा होता, डोक्याला रुमाल बांधलेला, आणि तिच्याकडे बघत नव्हता.

"तुमी होते ना इथं," ती म्हणाली.

मिक्सर खाली घरघरत होता. एक बाई घमेलं रिकामं करून गेली, दुसरी आली.

"मी पाह्यलं होतं," रुपराव शेवटी म्हणाला. "माल थ्या जागेवर आला तवा मले आठवण होती. मी बोललो नाई."

रुखमाबाईने चप्पल काढली, लुगडं खोचलं आणि ओल्या काँक्रीटमध्ये जाऊन गुडघ्यावर बसली. जागा तिला पाठ होती, उत्तरेच्या भिंतीपासून दोन हात आणि पूर्वेच्या कोपऱ्यापासून तीन. तिने दोन्ही हातांनी माल उपसायला सुरुवात केली. गिट्टीने बोटं सोलली. ज्या हातांनी तिने तासाभरापूर्वी बाळ धुतलं होतं ते सिमेंटने करडे झाले. बापूजी "वहिनी, वहिनी" म्हणत राहिला. कामावरच्या बायका घमेली डोक्यावर तशीच धरून थांबल्या.

मग तिच्या समोर आणखी दोन हात आले. रुपराव गुडघ्यावर बसला होता. त्याने माल बाजूला ओढला, सळया मोकळ्या केल्या, फळीतल्या भोकात कोंबलेला सिमेंटच्या पिशवीचा कागद उपटून काढला. खाली वाकून "पाइप दे गा वर," असं एका गड्याला सांगितलं. दोघांनी पाइप उभे केले. एक सरळ बसला. दुसरा सळईला अडून जरासा कलला, पण आता वेळ नव्हता. रुपरावने तार आवळली. माल पुन्हा भरला, सळईच्या तुकड्याने कोचून कोचून दाबला. हे सगळं होईपर्यंत बापूजीने दुसऱ्या टोकाचं काम चालू ठेवलं होतं. तो शेवटी आला, त्या जागेवर थापी फिरवली आणि म्हणाला, "जबाबदारी तुमची."

त्या संध्याकाळी रुखमाबाई ड्यूटीवर गेली तेव्हा तिला बोटं मिटता येत नव्हती. घरी आल्यावर रुपरावने खोबरेल तेल पुढे ठेवलं. तिने ते घेतलं. त्याच्याकडे पाठ करून बोटांना लावलं.

पुढचे एकवीस दिवस तिने कसे काढले ते तिलाच माहीत. स्लॅब पक्का व्हावा म्हणून त्यावर मालाचे छोटे बांध घालून पाणी साठवलं होतं. ऊन एवढं की सकाळी भरलेलं पाणी दुपारी आटे. ती अकराला सुटली की येऊन पाणी भरी, मग खाली उतरून बल्ल्यांच्या जंगलात शिरे आणि बाथरूमच्या फळ्यांकडे बघत बसे. सहाव्या दिवशी तिला तिथे ओल दिसली. कललेल्या पाइपाच्या भोवती, ताटलीएवढी. तिने बोट लावून पाहिलं. दुसऱ्या दिवशी ती ओल परातीएवढी झाली आणि फळीच्या फटीतून एक थेंब पडला.

तिने कुणाला सांगितलं नाही. कौसल्येला मात्र नव्या घरात पाऊल टाकू दिलं नाही. पोर विचारी, "मावशी, मले काहून नाई नेत?" तेव्हा ती म्हणे, "खिळे हायेत तिथं." मनात एकच येई. जाळापासून वाचवायला गेलो आणि छताखाली घातलं, असं तर नाही ना होणार? हात आपणच घातला त्या काँक्रीटात. बापूजी नको म्हणत होता.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सेंटरिंग खोलायचा दिवस आला. बापूजीने सगळ्यांना बाहेर काढलं. गडी एक एक बल्ली ठोकून काढू लागले. बाथरूमची खोली शेवटी राहिली. तेव्हा रुपराव उठला आणि आत गेला.

"अवो, बाहेर या," रुखमाबाई म्हणाली. स्लॅबच्या दिवसानंतर ती त्याच्याशी पहिल्यांदाच धड बोलत होती.

"राहू दे. मी हाव इथं."

"बाहेर या म्हणते ना."

"मीच त भरला हाये माल तो," रुपराव म्हणाला आणि आतच उभा राहिला, मान वर करून.

शेवटची बल्ली निघाली. फळ्या खाली आपटल्या, धुरळा उडाला. रुखमाबाईने डोळे मिटले नाहीत. धुरळ्यातून रुपरावचा खोकला ऐकू आला आणि मग तो स्वतः बाहेर आला, केसांत सिमेंटची भुकटी घेऊन. छत जागच्या जागी होतं.

पण कललेल्या पाइपाच्या कडेला गिट्टी उघडी पडली होती. तिथे माल नीट बसला नव्हता, मधमाशांच्या पोळ्यासारखी छिद्रं होती. बापूजीने खालून पाहिलं, छिन्नीने टोकरलं, वर जाऊन पाहिलं. ओरडला नाही. "जागा मजबूत हाये," तो म्हणाला. "सळई धरून हाये, भिंतबी जवळ हाये. पण पाणी दाखवन हे. मी सिमेंट भरून देतो. तरी दाखवन."

आणि पाण्याने खरंच दाखवलं. पहिल्या वर्षी पावसाळाभर बाथरूममध्ये त्या पाइपाखाली घमेलं ठेवावं लागलं. दर उन्हाळ्यात रुपराव वर जाऊन पाइपाच्या बुडाशी डांबर ओती. दुसऱ्या वर्षी थेंब कमी झाले, तिसऱ्या वर्षी नुसती ओल राहिली. त्या काळात रुपराव एकदाही "मी म्हटलं होतं" असं म्हणाला नाही. रात्रभर पाऊस झाला की सकाळी घमेलं रिकामं करायला तोच उठे. लेआउटमधले लोक मात्र त्या छतावर उभे असलेले दोन आखूड पाइप आणि उत्तरेचा रिकामा चबुतरा पाहून विचारत, "रुपराव, काय बसवाचं हाये गा वरतं?" तो म्हणे, "बसवाचं हाये काईतरी."

सत्त्याऐंशीत चंपतरावांनी माडी चढवली. माडीवर त्यांनी कठडाही घातला, तो तिने मोजलाच नव्हता. त्या डिसेंबरात ती पुन्हा दुपारची छतावर जाऊ लागली. माडीची सावली दिवसेंदिवस पुढे सरकत होती. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ती चबुतऱ्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबली आणि जानेवारीत मागे हटू लागली. पलीकडच्या माडीवर प्रेमिलाबाई धान्य वाळत घालत होती. तिने विचारलं, "पोह्यचली का वं?" रुखमाबाई म्हणाली, "नाई पोह्यचली." "बरं झालं," प्रेमिलाबाई म्हणाली, आणि धान्य पसरू लागली. त्या विटांबद्दल ती कधी काही बोलली नाही, पण तेव्हापासून दोघींचं जाणंयेणं सुरू झालं.

सोलर आलं ते अठ्ठ्याऐंशीच्या नोव्हेंबरात. धोंडबा आता पार म्हातारा झाला होता, तरी स्वतः आला. पाइपांची तोंडं उघडली, तार घालून पाहिली, दोन्ही मोकळे होते. कललेला पाहून त्याने कपाळाला आठी घातली. "हा कोणं बसवला असा वाकडा?"

"मी," रुपराव म्हणाला.

"मंग एक बेंड जास्तीचा लागन." धोंडबाने तो लावला आणि काम पुढे नेलं. दुपारपर्यंत टाकी भरली. रुखमाबाई खाली उतरून बाथरूममध्ये गेली, छताकडे पाहिलं, भिंतीला कान लावला. टाकी भरून तासभर झाला, दोन तास झाले. तिने भिंतीवर पेन्सिलीने जिथे जिथे जुनी चीर होती तिथे खूण केली होती. कुठलीच चीर पुढे गेली नाही.

कौसल्या आता पंधरा वर्षांची होती, दहावीला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती शाळेतून आली तेव्हा रुखमाबाई ड्यूटीला निघायच्या तयारीत होती. पोरीने दप्तर ठेवलं आणि सरळ छतावर गेली. पेटीभोवती फिरली. खाली वाकून टाकीच्या बुडाशी पाहिलं, काचेवर हात ठेवला, मग चबुतऱ्याच्या मागेही डोकावली.

"कुठंच काई पेटलेलं नाई ना मावशी?"

"कुठंच नाई. तूच पाह्यलं ना."

ती खाली आली. बाथरूमचा नळ तिने बोटाने सोडला, पाणी बादलीत पडू दिलं, वाफ दिसताच एक पाऊल मागे सरली. रुखमाबाई दारात उभी होती. पुढे गेली नाही. पोरीने थंड पाण्याचा दुसरा नळ सोडला. बादलीत हात घातला, काढला, पुन्हा घातला. मग वळून म्हणाली, "तू जा ना ड्यूटीले. उशीर होईन."

दार आतून लागलं. रुखमाबाई ओसरीत थांबून राहिली. तिला वाटलं, आता किंकाळी ऐकू येईल. रुपरावही अंगणातून येऊन तिच्याजवळ उभा राहिला होता. आतून पाणी अंगावर पडल्याचा आवाज आला. मग थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा आवाज आला, आणि पुन्हा, तांब्यामागून तांब्या.

"चार वाजून गेले," रुपराव हळूच म्हणाला.

"जाते," रुखमाबाई म्हणाली. तिने चपला पायात घातल्या, आणि फाटकापर्यंत जाऊन परत एकदा वळून पाहिलं.